शाने नुजूल, हाशिया आणि अर्धी आयत : कुरआन वाचताना त्या काळाचं काय करायचं?

बेगमपेठकर | सोमवार, रात्री १०:२५

बरेच दिवस इथे फक्त वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. परवा जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी डबे उघडून बसलो होतो. माझी मैत्रीण बारा वर्षांपासून माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिच्याकडची, भाजी माझ्याकडची, हे आमचं ठरलेलं. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि आवाज खाली करून विचारलं, "हे खरंच असं लिहिलंय का गं?"

व्हॉट्सॲपवर फिरणारं चित्र होतं. सूरा (अध्याय) तौबा, आयत (वचन) ५. 'मुश्रिक जिथे सापडतील तिथे त्यांना मारा', एवढंच. मुश्रिक म्हणजे अनेक देव मानणारे. वर लाल अक्षरं, खाली तलवार.

मी 'नाही' म्हणावं अशीच तिची इच्छा होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण 'नाही' म्हणणं खोटं ठरलं असतं, कारण ते शब्द तिथे आहेत. आणि नुसतं 'हो' म्हणणं त्याहून मोठं खोटं झालं असतं. मी म्हटलं, "घरी जाऊन नीट बघते आणि उद्या सांगते." घास काही गेला नाही.

रात्री अब्बांचा कुरआन फडताळातून काढला. त्याचं जुजदान, म्हणजे कापडी वेष्टन, अम्मीने चादरीच्या उरलेल्या कापडाचं शिवलंय, अजून घट्ट आहे. आत मूळ अरबी, ओळींच्या मधे शाह अब्दुल कादिर देहलवींचा उर्दू तर्जुमा आणि कडेला बारीक अक्षरात हाशिया, म्हणजे टीपा. तर्जुमा अठराव्या शतकाच्या अखेरचा, उर्दू जुनी. अब्बांनी काही ठिकाणी पेन्सिलीने रेघा मारल्यात.

लहानपणापासून शेकडो वेळा बघून कधी लक्षात न आलेली एक गोष्ट त्या रात्री दिसली. प्रत्येक सूरेच्या डोक्यावर एक चौकट असते. बकराच्या वर: मदनी, २८६ आयती, ४० रुकू (भाग). तौबाच्या वर: मदनी, १२९ आयती, १६ रुकू. 'मक्की' की 'मदनी', म्हणजे मक्केच्या काळातली की मदिनेच्या, हे नावाच्या बरोबरीने छापलेलं. म्हणजे 'हे केव्हाचं, कुठलं' हा प्रश्न आजच्या सुधारकांनी बाहेरून आणलेला नाही. तो घराघरातल्या प्रतीत चौकट आखून बसलेला आहे, आपण तो ओलांडून पुढे जातो.

कुरआन साधारण ६१० ते ६३२ अशी तेवीस वर्षं थोडा थोडा उतरत गेला. आधी मक्का, तिथे मुसलमान मूठभर आणि मार खाणारे. मग ६२२ची हिजरत, म्हणजे मक्का सोडून जाणं, आणि मदिना, तिथे वस्ती, करार, लढाया, वारसा, लग्नं. पुस्तकातला क्रम मात्र काळाचा नाही. सगळ्यात आधी उतरलेल्या 'इकरा'च्या आयती ९६व्या सूरेत आहेत आणि अखेरच्या काळातली तौबा नवव्या जागी. पहिल्या पानापासून कादंबरीसारखं वाचत गेलं तर काळ उलटासुलटा होतो.

आता तौबा. मुसलमान आणि मक्केचे कुरैश यांच्यातला हुदैबियाचा तह ६२८चा. कुरैशांच्या बाजूच्या बनू बक्र टोळीने मुसलमानांच्या बाजूच्या बनू खुजाआवर हल्ला केला, तह मोडला. ६३०मध्ये मक्का हाती आली. त्यानंतरच्या वर्षी हजच्या वेळी हजरत अलींनी या सूरेच्या सुरुवातीच्या आयती जाहीर वाचून दाखवल्या. ज्यांनी करार मोडले त्यांना चार महिन्यांची मुदत. चौथ्या आयतीत साफ म्हटलंय, ज्यांनी तुमच्याशी केलेला करार पाळला त्यांच्याशी मुदतीपर्यंत करार पाळा. मग ती पाचवी. आणि सहावी: या मुश्रिकांपैकी कुणी तुमच्याकडे आसरा मागितला तर त्याला आसरा द्या, अल्लाचं म्हणणं ऐकू द्या, मग त्याला सुखरूप जागी पोचवा. तेराव्यात पुन्हा कारण आहे: ज्यांनी शपथा मोडल्या, ज्यांनी आधी हात उचलला, त्यांच्याशी लढणार नाही का?

चौथीच्या आणि सहावीच्या मधली पाचवीच कापून पाठवणाऱ्याला तो करार माहीत नसेल, किंवा माहीत असूनही त्याने तो लपवला असेल.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग असं आयतीखालीच का लिहीत नाहीत?" त्या प्रश्नावर अडकलेय. आयत कधी, कुणासाठी, कशामुळे उतरली याला आपल्याकडे शाने नुजूल म्हणतात. अर्थ लावताना त्याला किती वजन द्यायचं? जाणकारांनी लिहावं, ज्यांना शंका आहेत त्यांनी तर जरूर लिहावं.

---

माग_आणि_धागा | सोमवार, रात्री ११:०२

ताई, हेच चित्र आमच्या यंत्रमागवाल्यांच्या ग्रुपवर आलं होतं. मी पुढे पाठवलं नाही, पण पाठवणाऱ्याला काही बोललोही नाही. ते चुकलं.

आता सरळ विचारतो, राग मानू नका. अडचणीची आयत आली की 'तो काळ वेगळा होता' आणि गोड आयत आली की 'हे सर्व काळासाठी', असं होत नाही का? आमच्या पोथ्यांबद्दलही आम्ही असंच करतो. मनुस्मृतीतलं एखादं वचन कुणी दाखवलं की लगेच काळ आठवतो. मग हा संदर्भ खरा की पळवाट?

---

काळी_माती | मंगळवार, सकाळी ६:१०

मी मंगळवेढ्याकडचा, घरात वारी आहे. तुकोबांची 'नाठाळाच्या माथी काठी' एकटी उचलली तर वारकरी मारकुटे ठरतात. त्याच अभंगात आधी मेणाहून मऊ असल्याचं सांगितलंय, ते कोण वाचणार? ही झाली शब्दांची शेजारपाजार. ताईंनी चौथी आणि सहावी आयत दाखवली ती याच जातीची, त्याला इतिहासही लागत नाही, पान उघडं ठेवावं लागतं.

इतिहास लागतो तो पुढे. करार कुठला, मोडला कुणी, हे पानात पूर्ण नसतं. दोन्ही वेगवेगळी कामं आहेत, गल्लत नको.

---

सात_रस्ता | मंगळवार, सकाळी ९:४०

आपल्या गावातलंच उदाहरण देतो. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. नुसती गांधी टोपी घातली म्हणून माणसांना शिक्षा झाल्या. पुढे १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली. समजा हजार वर्षांनी कुणाला त्या काळातला एखादा हुकूम सापडला, वरची तारीख फाटलेली. तो म्हणेल, सोलापूर हे कायम संचारबंदीत राहणारं गाव होतं. तारीख ही मजकुराचाच भाग असते.

त्या चौघांच्या चार पुतळ्यांपाशी नुसती नावं वाचणाऱ्याला आणि १९३० ठाऊक असणाऱ्याला एकच गोष्ट दिसत नाही.

---

माग_आणि_धागा | मंगळवार, सकाळी १०:१५

काका, दाखला मनाला भिडला, पण पुरता लागू पडत नाही. मार्शल लॉ उठला, हुकूम रद्दीत गेला. कुरआन मानणाऱ्यासाठी कुठलीच आयत रद्दीत जात नाही. खरी अडचण तिथेच आहे ना?

---

हाशिया_वाचक | मंगळवार, दुपारी ३:३०

मी मदरशात शिकलो, आता विजापूर वेशीजवळ मुलांना शिकवतो. मराठीत लिहायची सवय कमी, सांभाळून घ्या.

माग_आणि_धागा भाऊंचा प्रश्न बरोबर जागी आहे. आमच्याकडे तो हजार वर्षं चालू आहे.

आधी एक गोष्ट, बुखारी या हदीसच्या संग्रहात आली आहे. सूरा बकराच्या १५८व्या आयतीत आहे की सफा आणि मरवा या अल्लाच्या खुणा आहेत; जो हज किंवा उमरा (मक्केची छोटी यात्रा) करतो त्याने त्यांच्यामध्ये फेऱ्या घातल्या तर त्याला 'गुनाह नाही'. उरवा हे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांच्या बहिणीचे चिरंजीव. त्यांनी मावशीला विचारलं, 'गुनाह नाही' म्हणजे नाही घातल्या तरी चालेल ना? अरबी उत्तम येणारा माणूस, व्याकरणाने चुकीचं काहीच विचारलं नव्हतं. मावशी म्हणाल्या, चुकीचं बोललास. तसं असतं तर 'न घातल्यास गुनाह नाही' असं आलं असतं. मदिनेचे अन्सार इस्लामआधी 'मनात' नावाच्या देवीच्या मूर्तीसाठी इहराम (यात्रेचा खास वेश) बांधत आणि सफा-मरवाच्या फेऱ्या टाळत. मुसलमान झाल्यावर त्यांच्या मनात किंतु राहिला. तो काढायला 'गुनाह नाही' हे शब्द आले.

शब्द तेच, व्याकरण तेच, पण प्रश्न कुणाचा होता ते कळेपर्यंत अर्थ उलटा लागत होता. अकराव्या शतकात वाहिदींनी शाने नुजूलवर स्वतंत्र किताब लिहिली. त्यांचं म्हणणं असं की आयतीची हकीकत ठाऊक नसताना तिची तफसीर, म्हणजे उलगडा, करता येत नाही. पुढे सुयूतींनीही या विषयावर लिहिलं.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे उसूल, म्हणजे नियम, आहे: एतबार (विचार) शब्दांच्या व्यापकतेचा, कारणाच्या खास असण्याचा नाही. खौला बिन्ते सालबा यांच्या नवऱ्याने रागात म्हटलं, तू मला आईच्या पाठीसारखी. त्या काळात एवढ्यावर बायको अधांतरी लटकायची, ना नांदणं ना सुटका. त्या पैगंबरांपाशी येऊन वाद घालत राहिल्या. ५८वी सूरा तिथून सुरू होते आणि तिचं नावच 'मुजादला'. नवऱ्याला दंड लागला: गुलाम मुक्त कर, नाहीतर सलग दोन महिने रोजे, तेही झेपत नसतील तर साठ गरिबांना जेवण. आता कारण फक्त खौलांचं म्हणून हुकूमही फक्त त्यांच्यापुरता धरला, तर बाकीच्या बायांचं काय? म्हणून कारण अर्थ समजायला घ्यायचं, हुकमाला कुलूप घालायला नाही.

आणखी एक कबूल करायला हवं. बहुसंख्य आयतींची शाने नुजूल मिळतच नाही. काहींच्या दोन-दोन, तीन-तीन सांगितल्या जातात आणि त्या जुळत नाहीत. शाह वलीउल्लाह देहलवी (१७०३ ते १७६२) यांनी म्हटलंय की मुफस्सिरांनी, म्हणजे अर्थ उलगडून सांगणाऱ्यांनी, जमवलेल्या पुष्कळशा हकीकती अर्थासाठी लागतच नाहीत.

तौबाबद्दल ताईंनी लिहिलं ते दुरुस्त आहे, पण अर्धं. जुन्या मुफस्सिरांपैकी काहींनी याच पाचव्या आयतीने समजुतीच्या, सबुरीच्या शंभराहून अधिक आयती मन्सूख (रद्द) झाल्या असं लिहून ठेवलंय. हे आमच्याच किताबांत आहे, बाहेरच्यांनी रचलेलं नाही. मग सुयूतींनी मन्सूख आयतींची संख्या विसाच्या आसपास आणली आणि शाह वलीउल्लाहांनी पाचावर. शंभरावरून पाचावर येणं हे आमच्याच घरातलं काम आहे. ते मुलांना शिकवलं पाहिजे, आणि मी ते पुरेसं शिकवत नाही.

---

काळी_माती | मंगळवार, दुपारी ४:०५

मौलाना, मावशी-भाच्याची गोष्ट आज कीर्तनात सांगणार. परवानगी धरून चालतो.

---

कोर्ट_कचेरी | मंगळवार, रात्री ८:५०

वकिलीच्या बाजूने थोडं. कायद्याचा अर्थ लावताना दोन वाटा आम्हाला शिकवतात. शब्द स्पष्ट असतील तर शब्दच घ्या. नसतील तर विचारा: कायदा यायच्या आधी काय दोष होता आणि कायद्याने तो कसा दूर केला? ही दुसरी वाट इंग्लंडमधल्या १५८४च्या हेडनच्या खटल्यापासून चालत आली आहे. मौलानांचा उसूल आणि वाहिदींचं म्हणणं वाचताना मला याच दोन वाटा दिसल्या.

कोर्टानेही कुरआन वाचलाय. १९८५च्या शाहबानो निकालात सर्वोच्च न्यायालयाने सूरा बकराच्या २४१ आणि २४२ या आयतींचा आधार घेतला. तेव्हा निकालाइतकाच वाद 'अर्थ लावणारं कोर्ट कोण' यावर पेटला. २०१७च्या तीन तलाकच्या निकालात न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनीही आयतींच्या आधारे मत मांडलं. संदर्भ कोणता घ्यायचा हे ठरवण्यासोबत तो घेणाऱ्यावर लोकांचा विश्वास आहे का, हा प्रश्न कायम येतो. आपल्याकडे विनोबांनी कुरआनाचं सार काढलं ते मूळ अरबी शिकून, वर्षानुवर्षं वाचून. म्हणून त्यांचं ऐकून घेतलं गेलं असं मला वाटतं.

---

बेगमपेठकर | मंगळवार, रात्री ११:२०

मौलाना, शंभरावरून पाचाची गोष्ट तुम्ही इथे लिहिलीत, शुक्रिया. ती मला माहीत नव्हती.

आता माग_आणि_धागा भाऊंच्या 'पळवाट' या शब्दाकडे येते, कारण तो कालपासून मनातून जात नाहीये. मला वाटतं परीक्षा एकच: इतिहास आपल्या सोयीविरुद्ध बोलायला लागला तर आपण तो ऐकतो का?

सूरा निसाची ११वी आयत, वारशाची. तिची हकीकत हाशियात होती, अब्बांची पेन्सिलही तिथे होती. उहुदच्या लढाईत, ६२५ साली, सत्तरच्या आसपास मुसलमान मारले गेले. त्यांत साद बिन रबी होते. त्यांची बायको दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली. म्हणाली, या सादच्या मुली, यांचा बाप तुमच्याबरोबर उहुदला शहीद झाला, यांच्या चुलत्याने सगळं घेतलं, आणि मालमत्तेशिवाय यांची लग्नंही व्हायची नाहीत. त्या अरबस्तानात रीतच तशी होती. जो लढू शकतो तो वारस, बाई आणि लेकरं रिकाम्या हाती. चुलता त्याच्या मते गैर काही करत नव्हता. मग आयत उतरली. चुलत्याला बोलावून सांगितलं गेलं: दोन तृतीयांश मुलींना दे, आठवा हिस्सा त्यांच्या आईला, उरलेलं तुझं.

विचारवंत फजलुर रहमान (१९१९ ते १९८८) म्हणत की आधी आजपासून त्या काळात जा, आयत कुठल्या दुखण्यावर आली ते समजून घे, मग तो हेतू घेऊन आजमध्ये परत ये. असं वाचणारे काहीजण म्हणतात, शून्यावरून मुलाच्या निम्म्यावर आणलं म्हणजे दिशा बरोबरीची आहे, आज मुलीला मुलाएवढं द्यावं. मला हे पटतं. मौलानांना पटणार नाही, ते मला माहीत आहे.

पण या वादाआधी दुसरंच काही दिसतं. आमच्या गल्लीत, आमच्या नात्यात, मुलींना निम्मंही मिळत नाही. शून्य मिळतं. अब्बा जाऊन दोन वर्षं झाली. भावाने कागद आणून ठेवलाय, हक्कसोडीचा. धाकट्या बहिणीची सही झालेली आहे. "माहेर तुटू नये म्हणून केली," म्हणाली. भाऊ वाईट नाही, आजारपणात अब्बांचं सगळं त्यानेच केलं. पण ती गोष्ट वाचताना मला कळलं की आम्ही आयतीच्या पुढे किती जायचं यावर भांडतोय, आणि उभे आहोत आयत उतरायच्या आदल्या दिवशी, सादच्या भावाच्या दारात.

संदर्भ फक्त धार बोथट करायला वापरला तर ती पळवाटच. तो आपल्याला आपली जागाही दाखवतो.

---

नई_जिंदगी_रोड | बुधवार, सकाळी ७:००

बेगमपेठकर आपा, आमच्या घरीही तोच कागद आला होता. मी सही केली. आज पहिल्यांदा कुणीतरी उघडपणे लिहिलेलं वाचलं.

---

जोडबसवण्णा | बुधवार, सकाळी ८:२५

आम्ही लिंगायत, घरात कन्नड. हिंदू वारसा कायद्यात मुलींना समान हक्क देणाऱ्या २००५च्या दुरुस्तीनंतरही आमच्याकडे बहिणींच्या हक्कसोडी तशाच चालू आहेत. कायदा झाला, सिद्धरामेश्वरांची वचनं म्हणतो, गड्ड्याच्या यात्रेला काठ्यांपुढे हात जोडतो, आणि सातबारावरून बहिणीचं नाव काढतो. हा धागा फक्त मुसलमानांचा नाही.

---

हाशिया_वाचक | बुधवार, दुपारी २:१०

आपा, तुम्ही म्हणालात तसंच, बरोबरीचं मला पटत नाही. कारण शब्दांतच आहे. त्याच सूरेची १३वी आयत या हिश्श्यांना अल्लाच्या हद्दी म्हणते. ज्या हुकमाला कुरआन स्वतः हद्द म्हणतो तो कारणाकडे बोट दाखवून हलवायला मी तयार नाही. बाप आपल्या हयातीत मुलीला देणगी देऊ शकतो, ती वाट उघडी आहे.

पण हद्द दोन्ही बाजूंनी असते. हद्दीपलीकडे नेऊ नका हे आम्ही मशिदीतल्या मिंबरवरून सांगतो. हद्दीच्या आत तरी द्या, हे सांगताना मी कुणाला ऐकलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही. येत्या जुम्याला सांगेन. सादच्या मुलींची हकीकतच सांगेन, वेगळं काही बोलायची गरज पडणार नाही.

---

कोर्ट_कचेरी | बुधवार, संध्याकाळी ७:३०

आपा, कागदाबद्दल. बाप हयात असताना मुलीकडून लिहून घेतलेली हक्कसोड मुस्लिम कायद्यात साधारणपणे टिकत नाही, कारण तेव्हा वारसा उघडलेलाच नसतो. बाप गेल्यावर केलेली नोंदणीकृत हक्कसोड मात्र टिकू शकते, म्हणून सही करण्याआधी वकिलाला दाखवा. शेतजमीन असेल तर वेगळं बघावं लागेल. १९३७च्या शरियत कायद्याने शेतजमीन बाहेर ठेवली होती. घराचा प्रश्न तसा नाही.

---

माग_आणि_धागा | बुधवार, रात्री ९:४५

ताई, 'पळवाट' शब्द मागे घेतो. ज्या ग्रुपवर ते चित्र आलं होतं तिथे आज चौथी, पाचवी, सहावी अशा तिन्ही आयती तुमच्या शब्दांत टाकल्या. दोघांनी वाचून विचारलं, करार कुठला होता? त्यांना हुदैबिया सांगितलं. एकाने ग्रुप सोडला.

---

बेगमपेठकर | बुधवार, रात्री ११:१०

अम्मीला धागा वाचून दाखवला. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र दखनीच. मौलानांच्या मावशी-भाच्याच्या गोष्टीवर म्हणाली, "मैं तो कबसे बोलतऊं, आगे-पिच्छे का पढ़े बगैर नक्को बोलो."

मग तिने निसाचं पान काढायला लावलं. अब्बांची पेन्सिलीची रेघ बराच वेळ बघत बसली. ती रेघ त्यांनी कधी मारली हे तिलाही आठवत नाही. जुजदान शिवताना उरलेली चादरीची काठाची पट्टी तिने आणली आणि त्या पानात खूण म्हणून घातली. हक्कसोडीचा कागद अजून बिनसहीचा आहे, तोही तिथेच घडी करून ठेवलाय. रविवारी भाऊ जेवायला येणार आहे. हाशिया मोठ्याने अम्मी वाचणार म्हणते, मी नाही.